अस्तरावरचा कोंब

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जणी आधी शेवटची ओळ वाचतात. तिथं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: एन्डोमेट्रियल पॉलिप, ११ बाय ७ मिलिमीटर. लग्नाला पाच वर्षं झालेली असतात. पाळी दोन दिवस लांबली की जीव टांगणीला लागायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हे किती महिने चाललंय याचा हिशेबही सोडून दिलेला असतो. त्यात ही ओळ. घरी सासूबाई विचारतात, ‘काय निघालं गं?’ आणि उत्तर जातं, ‘पिशवीत गाठ आहे म्हणे.’

‘गाठ’ या शब्दानं आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारा फायब्रॉईड ही गाठ, अंडाशयातली पाण्याची सिस्ट ही गाठ, कॅन्सरची ती गाठच, आणि अस्तरावरचा हा पॉलिपही गाठ. चार निराळ्या गोष्टींना एकच नाव मिळालं की भीतीही एकच वाट्याला येते, आणि ती चारांतल्या सगळ्यात वाईट गोष्टीची असते. पॉलिपला खरं तर ‘कोंब’ म्हणायला हवं. बटाट्याच्या डोळ्यातून जसा कोंब फुटतो तसा तो अस्तरातून आत, पोकळीत डोकावतो.

गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असतं. पाळी संपते तेव्हा ते अगदी पातळ असतं. मग इस्ट्रोजेनच्या जोरावर ते वाढतं, स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन येऊन त्याला मऊ आणि रसदार करतं. गर्भ रुजला तर ठीक, नाही तर वरचा थर गळून जातो. हीच पाळी. पॉलिप म्हणजे या अस्तराचा असा एक ठिपका, जो या तालात राहत नाही. इस्ट्रोजेनला तो भरपूर प्रतिसाद देतो, प्रोजेस्टेरॉनचं फारसं ऐकत नाही, आणि पाळीबरोबर गळूनही जात नाही. त्याच्या आत अस्तरातल्याच ग्रंथी असतात, मधोमध जाड भिंतीची एक रक्तवाहिनी त्याला पोसत असते. कधी तो देठावर लोंबतो, कधी बूड टेकवून बसतो. मोहरीएवढा असतो, चिंचोक्याएवढा असतो, क्वचित लिंबाएवढाही होतो. कधी एकटा, कधी तीन-चार एकदम.

काहींना पाळीच्या अधल्यामधल्या दिवसांत डाग पडतात, काहींना पाळीत जास्त जातं. पुष्कळ जणींना मात्र काहीच होत नाही. मूल का राहत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात आणि तेव्हा तो पहिल्यांदा सापडतो. इथंच खरा प्रश्न उभा राहतो. सापडला, पण दोषी तोच आहे का?

एका इंचाच्या आतला, दुखत नसलेला, रक्तस्राव न करणारा मांसाचा तुकडा गर्भ राहण्याच्या आड कसा येईल? एक उत्तर जागेचं आहे. गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची तोंडं उघडतात. तिथंच पॉलिप बसला तर शुक्रजंतूंची वाट अडू शकते. पण बहुतेक पॉलिप काही त्या दारात बसलेले नसतात. दुसरं उत्तर रसायनांचं आहे, आणि मला ते जास्त विचार करायला लावणारं वाटतं. अस्तर ग्लायकोडेलिन नावाचं एक प्रथिन तयार करतं. शुक्रजंतू स्त्रीबीजाला चिकटतो त्या क्रियेला हे प्रथिन अडवतं. म्हणून बीज सुटण्याच्या दिवसांत शरीर त्याचं प्रमाण अगदी कमी ठेवतं, आणि ते दिवस उलटले की वाढू देतं. जणू ठरावीक दिवशी फाटक उघडायचं आणि नंतर लावून घ्यायचं. पॉलिप असलेल्या बायकांच्या गर्भाशयातला द्रव तपासला तेव्हा ग्लायकोडेलिन नको तेव्हाही वाढलेलं आढळलं. म्हणजे फाटक नेमकं उघडायच्या वेळी अर्धवट लागलेलं. गर्भ रुजण्यासाठी अस्तराची तयारी करून घेणारी काही जनुकंही पॉलिप असलेल्या गर्भाशयात मंद पडलेली दिसली आहेत. शिवाय पॉलिपभोवती सूज असते, ती वेगळीच.

ही कारणं पटण्यासारखी आहेत. तरी पटण्यासारखं कारण आणि सिद्ध झालेला परिणाम यांत अंतर असतं. ते अंतर मोजायचं तर बायकांचे दोन गट करावे लागतात, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मनावर राहत नाही. एकीचा पॉलिप काढायचा, दुसरीचा ठेवायचा, आणि वाट बघायची.

हे काम माद्रिदमध्ये झालं. पेरेझ-मेदिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ते प्रसिद्ध केलं. आययूआयसाठी, म्हणजे पतीचं वीर्य लॅबमध्ये धुऊन थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी, थांबलेल्या २१५ बायका त्यांनी घेतल्या. सगळ्यांना सोनोग्राफीत पॉलिप दिसलेला होता. सगळ्यांच्या गर्भाशयात दुर्बीण घालून बघितलं. एका गटात पॉलिप पूर्ण काढला, दुसऱ्या गटात तपासणीपुरता त्याचा तुकडा घेतला आणि पॉलिप जागेवरच ठेवला. मग दोन्ही गटांना आययूआयची चार आवर्तनं देण्याचं ठरलं. शेवटपर्यंत माग लागलेल्यांपैकी पॉलिप काढलेल्या १०१ जणींत ६४ जणींना दिवस राहिले, पॉलिप ठेवलेल्या १०३ जणींत २९. शंभरातल्या त्रेसष्ट आणि शंभरातल्या अठ्ठावीस, इतका फरक.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट मला या आकड्यांहूनही बोलकी वाटते. पॉलिप काढलेल्या गटात ज्यांना दिवस राहिले, त्यांच्यापैकी ६५ टक्के जणींना ते पहिल्या आययूआयच्या आधीच राहिले. इंजेक्शनं नाहीत, वीर्य धुणं नाही, तारखा मोजून दवाखान्यात धावणं नाही. उपचाराची पाळी येण्याआधीच घरच्या घरी. आणि पॉलिप लहान होता की मोठा, यानं निकालात फरक पडलेला दिसला नाही. पाच मिलिमीटरहून लहान असलेल्यांनाही फायदा झाला, वीसहून मोठा असलेल्यांनाही.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, मग विचार कसला, दिसला की काढा. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण हा अभ्यास पुन्हा नीट वाचला पाहिजे. तो एकच आहे. त्यात दिवस राहणं मोजलं आहे, बाळ घरी आलं का हे मोजलेलं नाही. आणि तो आययूआय करणाऱ्या बायकांचा आहे, टेस्ट ट्यूब बेबीचा, म्हणजे आयव्हीएफचा, नाही. आयव्हीएफबद्दल ब्रिटनमधल्या बॉर्न हॉल क्लिनिकनं १९९९ साली आपला अनुभव मांडला. हे तेच केंद्र, जे स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर उभं केलं. तिथं दोन सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिप तसाच ठेवून गर्भ सोडला तरी दिवस राहण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. पॉलिप ठेवलेल्यांत गर्भपात जरा जास्त दिसले, पण बायकांची संख्या इतकी थोडी की त्यावरून ठामपणे काही म्हणता येऊ नये.

२०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन मोठे अभ्यास आले, आणि त्यांनी एका वेगळ्याच सवयीला लगाम घातला. पहिल्या आयव्हीएफच्या आधी सरसकट सगळ्यांना दुर्बीण घालून बघायचं, ही ती सवय. नेदरलँड्समध्ये ७५० बायकांवर हे तपासलं. त्यांची सोनोग्राफी स्वच्छ होती. आधी दुर्बीण घातलेल्यांत ५७ टक्क्यांना मूल झालं, न घातलेल्यांत ५४ टक्क्यांना. हा फरक नसल्यातच जमा. दुसऱ्या अभ्यासात आयव्हीएफ दोन ते चार वेळा फसलेल्या ७०२ बायका होत्या. दोन्ही गटांत २९ टक्के. म्हणजे सोनोग्राफीत काही दिसत नसताना शोधमोहीम काढून हाती काही लागत नाही. माझ्या मते या साऱ्यातून निघणारा मध्यम मार्ग पुरेसा स्पष्ट आहे: दिसलेला पॉलिप मूल हवं असलेल्या बाईच्या गर्भाशयातून काढणं योग्य, आणि न दिसलेला पॉलिप हुडकत फिरणं अयोग्य. आपल्याकडे अनेक पॅकेजांत दुर्बिणीची तपासणी आधीच बांधलेली असते. ती आपल्यासाठी का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

‘दिसलेला’ म्हणजे नेमका कधी दिसलेला, हेही महत्त्वाचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अस्तर जाड आणि सोनोग्राफीत पांढरं दिसतं. पॉलिपही पांढराच. तेव्हा त्या जाडीत खरा पॉलिप लपून जातो आणि अस्तराची नुसती घडी पॉलिप वाटू शकते. पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे दहाव्या दिवसाच्या आत, योनीमार्गे केलेली सोनोग्राफी खरं काय ते सांगते. अस्तर पातळ असतं, त्यावर कोंब उठून दिसतो, आणि डॉप्लर लावला तर त्याला पोसणारी ती एकटी रक्तवाहिनीही दिसते. शंका राहिली तर गर्भाशयात थोडं सलाईन सोडून सोनोग्राफी करतात. पाण्यानं पोकळी उघडते आणि पॉलिप त्यात शेवाळासारखा हलताना दिसतो. नळ्यांच्या एक्स-रेमध्येही तो काळ्या डागासारखा दिसतो, पण हवेचा बुडबुडाही तसाच दिसतो. म्हणून चुकीच्या दिवशी केलेल्या एका रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पुढच्या पाळीनंतर एकदा बघून घ्यावं. लहान पॉलिप कधी कधी आपोआप नाहीसेही होतात. नॉर्वेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात साधारण चारातला एक पॉलिप विरून गेलेला आढळला, आणि विरणारे बहुधा लहानच होते. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीला सहा मिलिमीटरचा पॉलिप असेल आणि प्रयत्नाला जेमतेम सहा महिने झाले असतील, तर दोन-तीन महिने थांबणं काही वेडेपणाचं नाही. अडतिसाव्या वर्षी मात्र ते दोन-तीन महिने फार महाग पडतात.

आता काढायचा कसा, याकडे येऊ. सगळ्या विषयातला मला सगळ्यात कळकळीचा वाटणारा भाग हाच.

गर्भाशयात डोळ्यानं बघण्याची सुरुवात एका पॉलिपनंच झाली. १८६९ साली पँटालिओनी नावाच्या इटालियन डॉक्टरांकडे साठीच्या घरातली एक बाई आली. पाळी जाऊन वर्षं लोटली होती आणि तरी रक्त जात होतं. देसोर्मो नावाच्या डॉक्टरांनी बनवलेल्या पद्धतीची एक नळी, आत दिव्याच्या ज्योतीचा उजेड आरशानं वळवून टाकणारी, त्यांनी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवली. त्या अंधूक उजेडात त्यांना पॉलिप दिसला आणि त्यांनी तो सिल्व्हर नायट्रेटनं जाळला. जिवंत बाईच्या गर्भाशयात बघून केलेला हा पहिला नोंदलेला उपचार. विजेचा दिवाही तेव्हा दवाखान्यात आलेला नव्हता.

आणि आज, दीडशे वर्षांनंतर, ‘पिशवी साफ करून टाकू’ असं म्हणून न बघता क्युरेटिंग केलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. क्युरेट ही चमच्यासारखी खरवडणी. ती आत घालून अंदाजानं भिंती खरवडायच्या. पॉलिप मऊ असतो, देठावर झुलतो. खरवडणी आली की तो बाजूला सरकतो आणि ती निघून जाते. पॉलिप तिथंच राहतो किंवा अर्धा तुटून येतो, आणि बाईला सांगितलं जातं, ‘झालं, साफ केलं.’ दुसरीकडे, न दिसता खरवडताना अस्तराचा तळाचा थर, जिथून दर महिन्याला नवं अस्तर उगवतं, तोच दुखावू शकतो. मग भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाळी कमी होते. मूल राहावं म्हणून केलेल्या उपचारातून मूल न राहण्याचं नवं कारण तयार होतं. म्हणून मूल हवं असलेल्या बाईचा पॉलिप हिस्टेरोस्कोपीनंच, म्हणजे दुर्बिणीतून डोळ्यांनी बघत काढायला हवा. ज्या दवाखान्यात ती सोय नाही, तिथून दुसरीकडे पाठवा असं म्हणायला संकोच वाटू नये.

हिस्टेरोस्कोप म्हणजे तीन ते पाच मिलिमीटर जाडीची नळी, टोकाला कॅमेरा. पोटावर कुठंही छेद नाही, टाका नाही. योनीमार्गे, गर्भाशयाच्या तोंडातून ती आत जाते. गर्भाशय एरवी फुग्यासारखं उघडं नसतं. त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. सलाईन आत सोडलं की त्या दूर होतात आणि पडद्यावर एक गुलाबी खोली उघडते. देठाचा लहान पॉलिप बारीक कात्रीनं मुळाशी कापून चिमट्यानं बाहेर काढतात. बूड टेकलेल्या मोठ्या पॉलिपसाठी विजेची तार किंवा फिरत्या पात्यानं कापत ओढून घेणारं यंत्र लागतं. मूल हवं असलेल्या बाईत आजूबाजूच्या अस्तराला उष्णता लागू नये म्हणून अनेक डॉक्टर शक्य तिथं कात्रीच पसंत करतात. वेळ पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली, कारण तेव्हा अस्तर पातळ असतं आणि गर्भ राहिलेला नसल्याची खात्रीही असते. हल्ली लहान पॉलिप भूल न देता, बाह्यरुग्ण विभागातच काढता येतो. इटलीतल्या बेत्तोची यांनी चिमटा आणि स्पेक्युलमशिवाय नळी हळूच आत नेण्याची जी पद्धत रुळवली, तिचा यात मोठा वाटा आहे. आपल्याकडे बहुधा थोडी भूल देतात. सकाळी उपाशी जायचं, संध्याकाळी घरी. दोन-चार दिवस डाग, पाळीसारखं पोटात दुखणं. गर्भाशयाला छिद्र पडणं, जंतुसंसर्ग, जास्त पाणी रक्तात शोषलं जाणं, हे धोके आहेत, पण पॉलिपच्या शस्त्रक्रियेत ते क्वचितच घडतात.

या साध्या उपायाच्या अगदी उलट टोकाला, २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची हकिगत देशानं वाचली. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण बायकांची गर्भाशयंच काढली गेली होती. कामाचा खाडा पडला तर दंड भरावा लागतो, आणि ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ ही भीती वर. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ‘गाठ’, ‘खराब पिशवी’ असे शब्द घाबरवायला किती सहज वापरले जातात, त्याचा हा आपल्या घरातला दाखला. पॉलिपसाठी, विशेषतः मूल हवं असलेल्या बाईत, गर्भाशय काढण्याचा प्रश्नच येत नाही. पाळी चालू असलेल्या वयात पॉलिपमध्ये कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था सापडण्याचं प्रमाण शंभरात दोनाहून कमी आहे.

कमी आहे, शून्य नाही. म्हणून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जायलाच हवा. आपल्या देशात त्याला आणखी एक कारण आहे. गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा क्षयरोग इथं वंध्यत्वामागे दबा धरून बसलेला असतो. खोकला नाही, ताप नाही, आणि नळ्या मात्र बंद. दुर्बीण आत असताना डॉक्टरांना अस्तराचं रूप दिसतं, चिकटलेल्या भिंती दिसतात. शंका आली तर त्याच वेळी घेतलेल्या नमुन्यातून शोध घेता येतो.

यानंतर किती थांबायचं? पॉलिप काढल्यावर अस्तर लवकर भरून येतं, कारण जखम उथळ असते. पुढची पाळी येऊन गेली की प्रयत्न सुरू करायला, आययूआयलाही आणि आयव्हीएफलाही, साधारणपणे हरकत नसते. तीन-तीन महिने रिकामे घालवण्याची गरज सहसा पडत नाही. आयव्हीएफची इंजेक्शनं चालू असताना मधेच पॉलिप दिसला तर मात्र नवरा-बायको दोघांना विचार करावा लागतो. लहान असेल तर तसंच पुढं जायचं, की गर्भ तयार करून गोठवायचे, पॉलिप काढायचा आणि पुढच्या महिन्यात गर्भ सोडायचा. हाती दोनच गर्भ असतील, वय वाढलेलं असेल, तर मी स्वतः गोठवण्याकडे झुकेन, कारण ते दोन गर्भ परत मिळवणं पॉलिप काढण्यापेक्षा फार अवघड असतं.

एक गोष्ट राहूनच जाते, आणि ती राहू नये. दुर्बिणीची तारीख ठरण्याआधी पतीच्या वीर्याची तपासणी झालेली असावी. अनेक घरांत बायकोची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे सगळं होतं, आणि तो मात्र ‘माझं काय असणार’ म्हणून दोन वर्षं टाळतो. पॉलिप सापडला की त्याला आणखी एक निमित्त मिळतं. ती तपासणी साधी आहे, स्वस्त आहे, तिला ना भूल लागते ना सुट्टी. शुक्रजंतूच फार कमी असतील तर पॉलिप काढूनही घरच्या घरी दिवस राहणार नाहीत, आणि मग तिच्या वाट्याला ‘ऑपरेशन करूनही काही उपयोग नाही झाला’ हे ऐकणं येईल.

ऑपरेशनच्या दिवशी त्यानं आणखी एक काम करावं. तुकडा भरलेली फॉर्मॅलिनची बाटली, तिच्यावर बायकोचं नाव आणि तारीख नीट लिहिली आहे का ते बघून, लॅबमध्ये पोचली का याची चौकशी करावी. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट स्वतः जाऊन आणावा आणि फाईलमध्ये सोनोग्राफीच्या त्या कागदाला लावून ठेवावा.